लॉट तीनची हद्द

त्या वर्षी मे महिन्यात बाबा पहिल्यांदा इंग्लंडात, लेस्टरला आले आणि मी नेमकी एका शेताच्या लिलावात अडकले होते. त्यांच्यासाठी म्हणून जपून ठेवलेली रजा बॉसने पुढे ढकलायला लावली. बाबा पोस्टातून रिटायर झालेले. चाळीस वर्षं सकाळी साडेनऊला घराबाहेर पडायची सवय. माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "मला घेऊन चल ना तुझ्या कामावर. गाडीत बसून राहीन."

माझं काम म्हणजे शेतजमिनी विकून देणाऱ्या एका फर्ममध्ये नकाशे आणि ब्रोशर तयार करणं. कुणाचं शेत लिलावाला निघालं की आधी मी जायचे. बांध चालून बघायचे, हद्दी नकाशावर आखायच्या, कुठला तुकडा कुठल्या लॉटमध्ये ते लिहायचं. ऑफिसात मी एकटीच बिनगोरी आणि एकटीच बाई. गमबूट घालून चिखलात उभी राहिले की शेतकरी आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या मागे कुणी साहेब येतोय का ते बघायचे.

हे शेत शहरापासून तासाभराच्या अंतरावर होतं. मालकीणबाई ऐंशीच्या जवळ आलेल्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि खुब्याचं ऑपरेशन होऊनही पाय ओढत चालायच्या. विक्रीचे तीन लॉट ठरले होते. पहिल्यात घर आणि गव्हाची सगळी जमीन. दुसरा ओढ्याकाठचा ओलसर कुरणाचा पट्टा. त्यासाठी सरकारशी दहा वर्षांचा करार होता: नांगर घालायचा नाही, खत टाकायचं नाही, पक्ष्यांची पिल्लं मोठी होईपर्यंत गवत कापायचं नाही. तिसरा लॉट टेकाडावरच्या झाडीचा. तिच्यात फेझंट पाळलेले असत, कोंबडीएवढे, लांब शेपटीचे रानपक्षी. हिवाळ्यात त्यांच्या शिकारीला बंदुका घेऊन माणसं येत आणि त्यासाठी चांगले पैसे मोजत. तीन लॉट, तीन प्रकारची गिऱ्हाइकं.

बाईंना एका जागी बसवत नसे. आम्ही गेलो की केटल लावायच्या आणि चहा न ओतताच अंगणात यायच्या. अंगणातून गोठ्याकडे, गोठ्याकडून परत दाराशी. "डक, तू कुरणाकडे जाऊन आलीस का?" हा प्रश्न एका तासात तीनदा. बाबांनी मला हळूच विचारलं, "बदक काहून म्हणतात तुला?" मी सांगितलं, इकडे मायेने असंच म्हणतात. बाबांना ते फार आवडलं.

पहिल्या दिवशी बाई काठी टेकत माझ्याबरोबर कुरणापर्यंत आल्या. आमची चाहूल लागताच टिटव्या ओरडत उठल्या. आपल्यासारख्याच टिटव्या, फक्त डोक्यावर तुरा. टेकाड मात्र बाईंना चढवेना. खालूनच काठीने दाखवत म्हणाल्या, "ती सगळी झाडी आमची. वर तारेपर्यंत." मी वर गेले, तार बघितली, तिच्या कडेने नकाशावर लाल रेघ मारली. ब्रोशर छापायला गेलं.

दहा दिवसांनी बाईंच्या सॉलिसिटरकडून जुनी खरेदीखतं आली. त्या भागातल्या बऱ्याच जमिनींची तेव्हा सरकारदरबारी नोंदणी झालेली नव्हती, सगळा कारभार जुन्या कागदांवर. त्यातला पिवळा पडलेला नकाशा मी टेबलावर पसरला आणि माझ्या लाल रेघेशी ताडून बघितला. झाडीतला वरचा चार एकरांचा तुकडा कागदावर बाईंचा नव्हताच. तो शेजाऱ्याचा होता. आणि उलट, टेकाडापलीकडचा एक कोपरा, ज्यात शेजारी वर्षानुवर्षं पीक घेत होता, तो कागदावर बाईंचा.

मी बाईंना फोन लावला. त्या पटकन म्हणाल्या, "हो, ती अदलाबदल आहे. माझ्या नवऱ्याने आणि शेजाऱ्याच्या वडिलांनी केलेली. आम्हाला अख्खी झाडी हवी होती, त्यांना तो कोपरा."

"लेखी काही आहे?"

"लेखी कशाला? त्यांनी हात मिळवले होते. मी तिथेच उभी होते."

हात मिळवणारे दोघेही आता चर्चच्या आवारात पुरलेले होते.

बॉसने शांतपणे ऐकून घेतलं. पंचवीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस, आवाज चढवत नसे. "शेजाऱ्याची सही घे," तो म्हणाला. "अदलाबदल मान्य आहे, एवढं एक पान. सही झाली तर काहीच बिघडलं नाही. नाही झाली तर लिलावाच्या आधी मला जाहीर करावं लागेल की लॉट तीनमधले चार एकर वादातले आहेत. मग शिकारीवाले बोलीला हात वर करणार नाहीत. वादातल्या झाडीत बंदूक घेऊन कोण उभं राहील?"

लिलावाला सतरा दिवस उरले होते.

सॉलिसिटरने बनवलेलं ते पान घेऊन मी शेजाऱ्याच्या वाड्यावर गेले. बाबा गाडीत बसले. शेजारी पन्नाशीचा, तांबूस चेहऱ्याचा, ट्रॅक्टरखालून हात पुसत बाहेर आला. कागद त्याने उभ्यानेच वाचला, दोनदा वाचला, आणि परत माझ्या हातात दिला.

"माझ्या वडिलांनी मला असं काही सांगितलेलं नाही."

"पण झाडी इतकी वर्षं बाईच वापरतायत ना? आणि तो कोपरा तुम्ही."

"वापरणं वेगळं, मालकी वेगळी. हे तुमच्या ऑफिसला कळायला हवं. कागद काय म्हणतो?"

"कागदावर वरचे चार एकर तुमचे आहेत."

"मग झालं तर." तो वळला. मग थांबून म्हणाला, "शेत विकायला काढलंय हे मला तुमच्या ब्रोशरमधून कळलं. मार्केटमध्ये एकाने दाखवलं. मी रोज त्यांच्या फाटकासमोरून जातो."

त्या वाक्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. माझ्या डोक्यात फक्त सही होती.

पुढचे आठ-नऊ दिवस मी नुसती तडफडत काढले. भाजी चिरता चिरता मध्येच जाऊन फाइल उघडायचे. मी तार बघितली होती पण कागद न बघताच रेघ मारली होती. चूक माझी होती. बॉस मला काही बोलला नाही, हे तर जास्तच लागत होतं. बाई दिवसातून दोनदा फोन करायच्या, "काही कळलं का?" आणि मी काही बोलायच्या आत, "बरं, असू दे, मी जरा बाहेर जाऊन येते," म्हणून ठेवायच्या. घरात बाबा खिडकी ते दार चालत. आता मीही त्यांच्याबरोबर चालायला लागले. अरुंद खोलीत एकमेकांना वाट देत दोघं फेऱ्या मारत होतो.

लिलावाच्या आठवडाभर आधी वादातल्या हद्दीचे फोटो काढायला मी पुन्हा शेतावर गेले. बाबा बरोबर होतेच. मी झाडीत तारेजवळ फोटो काढत होते. बाबा पलीकडे उतरून त्या वादातल्या कोपऱ्यात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. शेवटी मी हाका मारत गेले. एका रुंद, खडी दाबलेल्या रस्त्यावर ते उभे होते, हात पाठीमागे बांधून.

"हा कोपरा कागदावर त्या बाईंचा, बरोबर?"

"हो."

"आणि धुरा कुठे? कागदावरचा."

मी नकाशा काढून दाखवला. ती जुनी हद्द आमच्याही पुढे, आणखी पन्नास-साठ पावलांवर होती. तिथे आता काहीच नव्हतं, फक्त जुन्या कुंपणाची दोन-तीन खोडं गवतात.

"मग हा पांदण रस्ता कोणाच्या वावरातून गेला?"

मी त्या रस्त्याकडे बघितलं. तो शेजाऱ्याच्या मोठ्या कोठाराकडे जात होता. त्याचं मोठं मशीन, त्याच्या धान्याच्या ट्रॉल्या, सगळं इथूनच जात असणार. दुसरीकडे उतार आणि ओढा. कोठाराला दुसरी वाटच नव्हती. माझ्याकडच्या नकाशात हा रस्ता नव्हता, तो नंतर झालेला. बाई इतक्या वर आल्या नव्हत्या, त्यांनाही माहीत नसावा. आणि शेजाऱ्याला कागदच खरा धरायचा असेल, तर त्याचा रस्ता बाईंच्या जमिनीतून जात होता. ती जमीन बाई उद्या कुणालाही विकू शकल्या असत्या.

मी तिथूनच बॉसला फोन लावला. वाऱ्यात मला ओरडावं लागत होतं. तो पलीकडे हसला, मी त्याला पहिल्यांदाच हसताना ऐकलं. "तुझ्या वडिलांना ऑफिसात घेऊन ये," म्हणाला. "त्यांना टेबल देतो."

गाडीत मी बाबांना ते सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. ते बाहेर बघत राहिले. म्हणाले, "मी बोलायला नको होतं."

"का? किती मोठं काम झालं त्याने."

"तेच तर. हेच काम सोडून तर आपण आलो." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आजोबांकडे महारकीची कामं होती एवढंच मला माहीत होतं. त्यातलं एक काम गावाची शीव दाखवण्याचं. दोन गावांत भांडण झालं की आजोबांना बोलावत. डोक्यावर मातीचं ढेकूळ ठेवून ते चालत जात, आणि ते चालतील ती शीव. त्यांचा शब्द म्हणजे कागद. इतर वेळी त्यांची सावली चालत नसे, त्या दिवशी मात्र सगळा गाव त्यांच्या मागे चाले.

"एकदा माझा बाप खोटी शीव चालला," बाबा म्हणाले. "पाटलानं सांगितलं होतं तशी. नाही म्हणता आलं नसतं."

"मग?"

"मग काय? पलीकडल्या गावच्या एका माणसाचं वावर गेलं. बापानं त्या वर्षीच गावकीचं काम सोडलं. धम्म आपण नंतर घेतला, पण त्यांनी काम त्याआधीच सोडलं होतं. मला म्हणे, तू कारकून हो, मास्तर हो, काहीही हो, पण लोकांच्या जमिनीच्या मधात उभा राहू नको."

"पण बाबा, तुम्ही खोटं काही दाखवलं नाही. जे आहे तेच दाखवलं."

"ते खरं आहे," ते म्हणाले. "तरी बरं नाही वाटत."

मी लोकांच्या जमिनींच्या मधेच उभी होते, पगार घेऊन. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. गाडी मात्र मी जरा जास्तच वेगाने चालवली.

बॉसने शेजाऱ्याला फोन करून रस्त्याचं सांगितलं. तो म्हणाला, विचार करतो. लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत विचारच करत होता.

लिलाव एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता, दुपारी दोनला. एरवी तिथे लग्नाच्या पार्ट्या होत. शंभर-एक खुर्च्या मांडल्या होत्या आणि लोक भिंतीला टेकून उभे होते. निम्मे तर नुसते बघायला आलेले. बॉसच्या कोटाच्या दोन खिशांत दोन निवेदनं टाइप करून ठेवलेली होती, सही झाली तर एक, नाही झाली तर दुसरं. बाई पहिल्या रांगेत बसल्या, मग तिसऱ्या, मग कडेला दाराजवळ. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी खुर्चीखाली ठेवलं आणि पुन्हा उठल्या. बाबा सर्वांत मागे, सूट घालून. तो त्यांनी माझ्या पदवीदानासाठी शिवला होता.

दोनला वीस मिनिटं कमी असताना शेजारी आला. टाय लावून. तो बॉसकडे गेला नाही, माझ्याकडे आला. "तो कागद आहे का?"

चहाच्या कपांच्या टेबलावर जागा करून मी पान ठेवलं. त्याने पेन उघडलं आणि तसाच थांबला.

"वडिलांनी हात मिळवला होता हे मला माहीत होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण बाईंनी मला येऊन सांगायला हवं होतं. विकतोय म्हणून. त्यांच्या नवऱ्याचं कापणीचं काम शेवटची दोन वर्षं मी केलं."

मग त्याने सही केली. मागे वळलो तर बाई आमच्यापासून दोन हातांवर उभ्या. त्यांनी ऐकलं होतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "मला तोंडाने म्हणता येत नव्हतं. ब्रोशर छापलं की आपोआप सगळ्यांना कळेल, असं वाटलं." शेजाऱ्याने मान हलवली, म्हणजे ठीक आहे असं असेल किंवा नसेल, आणि तो मागच्या भिंतीकडे गेला.

बॉसने एका खिशातला कागद बाहेर काढला आणि दुसऱ्यातला तसाच राहू दिला. लिलाव सुरू झाला.

लॉट एकसाठी एक गिऱ्हाईक फोनवर होतं आणि तो फोन माझ्या कानाला होता. पलीकडे लंडनचा एक सौम्य आवाज. त्याने जमीन पाहिलेली नव्हती. आकडा वाढला की मी त्याला हळूच सांगायचे, तो "यस" म्हणायचा, मी हात वर करायचे. खोलीतले शेतकरी माझ्या हाताकडे बघत होते. त्यांच्यातले दोघं बराच वेळ टिकले, मग एकाने मान खाली घातली, मग दुसऱ्याने. हातोडा पडला. घर आणि गव्हाची सगळी जमीन माझ्या वर केलेल्या हाताने गेली. फोनवरच्या माणसाने विचारलं, "तिथे पाऊस आहे का?" मी म्हटलं, "नाही, ऊन आहे." "छान," तो म्हणाला.

लॉट दोन पुकारला आणि एकही हात वर गेला नाही. दहा वर्षं नांगर नाही, खत नाही, कोण घेणार? बॉसने आकडा खाली आणला, पुन्हा खाली आणला. बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या, त्या वळून बाहेर गेल्या. तेवढ्यात मागून एक हात वर गेला. शेजाऱ्याचा. दुसरं कुणीच नव्हतं. हातोडा पडला.

तिसरा लॉट दहा मिनिटांत गेला. शिकारीवाल्यांच्या दोन टोळ्या बोलीत एकमेकांवर चढल्या आणि झाडी बॉसच्या अंदाजापेक्षा कितीतरी वर गेली. लोक टाळ्या वाजवत होते. मी बाईंना शोधायला बाहेर गेले. गाड्यांच्या तळावर, रांगांच्या मधून, काठी टेकत फेऱ्या मारत होत्या. त्यांच्याबरोबर, एक पाऊल मागे, बाबा. बाईंचं इंग्रजी बाबांना नीट कळत नसे, आणि बाबांचं बाईंना. तळाच्या टोकाला गेले की बाई वळायच्या, बाबाही वळायचे.

"कुरण कोणी घेतलं?" बाईंनी मला विचारलं. निघून गेल्यामुळे त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

"शेजाऱ्यांनी."

त्या थांबल्या. "त्याने?" मग, "तो टिटव्यांना उठवणार तर नाही ना?"

"करार आहे. दहा वर्षं उठवता येणार नाही."

"आणि मग?"

मी त्यांच्याबरोबर तळाच्या टोकापर्यंत चालत गेले.

बाबा जुलैच्या शेवटी परत गेले. सप्टेंबरच्या अखेरीस ताबा द्यायचा होता आणि बॉसने किल्ल्या घ्यायला मला पाठवलं. घर रिकामं होतं. बाईंनी फरशी पुसून काढली होती. विजेच्या मीटरचा आकडा मी लिहून घेतला, पाण्याच्या मीटरचा घेतला. त्यांचं सामान आदल्या दिवशीच गावातल्या बंगलीत गेलं होतं. हातात फक्त एक पिशवी आणि काठी. बारा वाजता सॉलिसिटरचा फोन आला, व्यवहार पूर्ण झाला. मी तसं सांगितलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि आम्ही अंगणात आलो.

टॅक्सी यायला वेळ होता. मी म्हटलं, गाडीत बसा. त्या नको म्हणाल्या. अंगणात दोन पावलं टाकली आणि एकदम थबकल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"डक," त्या म्हणाल्या, "आता मी उभी कुठे राहू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगण लंडनच्या माणसाचं. समोरचं शेतही त्याचंच. ओढ्याकडची वाट शेजाऱ्याची. टेकाड शिकारीवाल्यांचं. मी म्हणाले, "कुणी काही म्हणणार नाही हो. उभ्या राहा इथेच."

"नाही. हे बरं दिसत नाही."

त्या काठी टेकत फाटकातून बाहेर गेल्या. फाटक आणि डांबरी रस्ता यांच्या मधे हातभर रुंदीची गवताची पट्टी होती. ती कौन्सिलची, सरकारी. बाई त्या पट्टीवर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही पाय जवळ घेऊन, पिशवी पोटाशी धरून. मी फाटक लावलं, कडी घातली आणि त्यांच्या शेजारी, त्याच पट्टीवर, टॅक्सी येईपर्यंत उभी राहिले.